पहारा, प्रहार आणि ढोकेबाबू

ढोकेबाबू रेडिओ ऐकत नसत. रेडिओचं प्रूफ तपासत. संध्याकाळी सात वाजले की डाव्या हाताला जुना व्हॉल्व्हचा सेट, उजव्या हाताला उभे रकाने आखलेली जाड वही आणि कानामागे लाल पेन्सिल अशी त्यांची बैठक लागायची. मॉस्को, लंडन, वॉशिंग्टन, पेकिंग ही सगळी शहरं तेव्हा एकामागून एक हिंदीतून बोलायची, आणि बाबू त्या खरखरीतून एकेक शब्द चिमट्यानं उचलल्यासारखा उचलून वहीत ठेवायचे. बातमी एकच, रकाने चार. मध्येच "हां, सापडला!" म्हणून एखाद्या शब्दाखाली लाल रेघ मारायचे. मग आतून काकूंचा आवाज यायचा, "कोन सापडलं? सापडलं असन तं त्याच्या हातानं भाजी आनून घ्या!"

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले ती भांडायच्या तयारीनंच. मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. आमच्या वस्त्या नागपुरात, जरीपटक्याच्या बाजाराच्या मागच्या अंगाला, नाल्याच्या अलीकडे. छप्पन साली आमचे आईबाप बौद्ध झाले, आणि आम्ही पोरं घोषणा ऐकतच मोठी झालो. तेव्हा प्रश्न नळाचा होता. रागारागानं पानभर मजकूर लिहून मी तो होतूसेठच्या छापखान्यात नेऊन आदळला. होतूसेठ सिंधी, फाळणीत सगळं मागं टाकून आलेला. लग्नपत्रिका आणि आमची पत्रकं त्याच्या एकाच ट्रेडल मशीनवर छापली जायची. त्यानं कागदाकडे न बघता कोपऱ्याकडे बोट केलं. "बाबू को दिखाओ."

बाबू तारघरातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि दुपारी इथे प्रुफं बघायचे. वाचताना त्यांचे ओठ हलत नसत, उजव्या हाताचं मधलं बोट हलायचं. टेबलावर टकटक, टक, टकटक. उभं आयुष्य तारयंत्राच्या कळीवर गेलेलं. डोळे वाचायचे आणि बोट पाठवायचं. माझं पत्रक पाठवून झाल्यावर त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे नाही, सेठकडे.

"सेठ, तुमच्या टाइपाच्या केसमंधी उद्गारचिन्हं किती हायेत?"

"होंगे दस-बारा."

"मंग बाकीचे शेजारच्या प्रेसमधून मांगून आना लागतीन. या पोरीनं सतरा वापरले."

मी तणतणले. म्हटलं, हा जनतेचा आक्रोश आहे, व्याकरणाचा तास नाही.

"कोनत्या जनतेचा?"

"आमच्या वस्तीतल्या!"

"त्यायले तं ठाऊकच हाये का नळाले पानी नाई. मंग हे वाचाचं कोनी?"

 मी आणखी चिडले. त्या दिवसापासून मी त्यांची 'पत्रकबाई' झाले. ते मला मोठ्यानं हाक मारायचे, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी.

पुढे त्यांच्या घरी माझं जाणं-येणं सुरू झालं. वहीबद्दल मला आधी कुतूहल नव्हतं, रागच होता. त्या वर्षी बाबूंच्या वहीत युरोप आला होता. पश्चिम युरोपातल्या देशांनी बाजार आधीच एकत्र केला होता; आता संरक्षणाचं धोरणही मिळून ठरवावं अशा बैठका सुरू झाल्या होत्या. आमच्या वर्तमानपत्रात ही बातमी आतल्या पानावर, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली चार ओळींत यायची. बाबूंनी तिला अर्धी वही दिली होती. वरती ठळक अक्षरात मथळा: 'सामाईक संरक्षण'. पहिल्या रकान्याला नाव 'करणारे', आणि पुढच्या सगळ्या रकान्यांवर मिळून एकच नाव, 'बाहेरचे'.

"करनारे काय म्हनतात ते सोपं हाये," बाबू सांगायचे. "ते म्हनतात, आमी कोनाच्याच इरोधात नाई, फक्त आपलं आपन राखून राहिलो. कोनताबी करनारा हेच म्हनते. आता पुढं पाह्य. मॉस्को म्हनते, हे आमच्या अंगनाकडं तोंड करून बंदूक साफ करून राहिले. वॉशिंग्टन म्हनते, लय चांगलं, आपला भार आपन उचला, पन कुलपाची एक किल्ली आमच्यापाशी राहू द्या. पेकिंग खूश. काहून? तं मॉस्कोच्या दाराशी दुसरं कोनी उभं राह्यलं तं त्याले बरंच हाये."

"आणि दिल्ली?"

"दिल्ली म्हनते, आमी घडामोडीयवर लक्ष ठेवून हावोत." त्यांनी 'लक्ष' या शब्दाखाली लाल रेघ मारली. "म्हंजे अजून झोप लागली नाई, एवढंच."

"आणि ज्यांच्यावर ह्यांनी राज्यं केली ते देश?" हा माझा आवडता प्रश्न होता. तो मी कुठेही विचारायचे.

"त्यायचा रेडिओ माह्या सेटवर येत नाई. त्यायचा रकाना मी अंदाजानं लिवला. या फौजा याआधी एक झाल्या तवा आमच्याच घरात शिरल्या होत्या, असं ते म्हनत असतीन." हा रकाना साध्या शिसपेन्सिलीनं होता. जे स्वतःच्या कानानं ऐकलं नाही ते बाबू शाईनं लिहीत नसत. आमच्या पुढाऱ्यांना ही सवय असती तर निम्मी भाषणं पुसून टाकावी लागली असती.

पण त्यांचा सगळ्यात लाडका रकाना तुर्कस्तानचा. त्याच्याबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात घरच्या माणसाबद्दलची काळजी यायची. "त्याचं मोठं वांधं हाये वं. मोठ्या लष्करी करारात तो आत, पन या नव्या घरात मातर बाहेर. मॉस्कोकडच्या फाटकावर काठी घेऊन हाच उभा, आन् ओसरीत बोलनं सुरू झालं का याले कोनी हाक मारत नाई."

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, वस्तीत गटार उघडी आहे, पोरांना जुलाब होऊन राहिलेत आणि तुम्ही तुर्कस्तानचं काय घेऊन बसलात? काकू आतून म्हणाल्या, "इचार वं बाई, इचार. मी इचारून थकली."

बाबूंनी रेडिओचा आवाज बारीक केला. "कुंपन घालनाऱ्याले कुंपनाची आतली बाजूच दिसते, पत्रकबाई. बाहेरची बाजू पाहाची तं बाहेर जाऊन उभं राहा लागते. मले तं जाता येत नाई. मी ऐकून घेतो."

ही सवय त्यांना कुठून लागली ते मला नंतर कळलं. बाबू मूळचे खाप्याचे, विणकराचे पुत्र. मॅट्रिक होऊन नागपूरच्या तारघरात चिकटले. दीक्षेच्या दिवशी घरचे सगळे पांढरे कपडे घालून मैदानावर गेले आणि बाबू ड्यूटीवर. बाहेरगावचे बातमीदार मजकूर आणून देत होते आणि बाबू तो कळीवरून पाठवत होते. "एकानं लिवलं गर्दी. एकानं लिवलं बंड. एकानं लिवलं सोहळा. माही माय त्याच मैदानात बसली होती, आन् मी माह्याच हातानं तिले एकदा गर्दी केली, एकदा बंड केली." एवढं सांगून ते थोडे हसले. "घरी आल्यावर मायले इचारलं, तिथं काय झालं? ते म्हनाली, मी पह्यल्यांदा समोर बसली." हे सांगताना त्यांचं मधलं बोट गुडघ्यावर हलत होतं. मायचं ते वाक्य कोणी तारेनं पाठवलं नव्हतं. बहुधा बाबूच ते रोज थोडं थोडं पाठवत असावेत.

आता पुलियाची गोष्ट. आमच्या वस्त्यांतून जरीपटक्याला जायचं तर रेल्वेच्या रुळाखालच्या पुलियातून जावं लागतं. पलीकडे म्हशींचे गोठे असलेली वस्ती आहे आणि तिच्यापुढे बाजार. आमच्या मुली संध्याकाळी बाजारात शिवणाच्या क्लासला जायच्या, त्यात माझी धाकटी बहीण माया. येताना दिवेलागण व्हायची आणि पुलियात टवाळ पोरं उभी असायची. ती कुठल्या एका वस्तीची नव्हती, सगळीकडची होती. ओढणी ओढणं, सायकल अडवणं, गाणी म्हणणं. तक्रारी केल्या, अर्ज दिले, अर्जांवर शिक्के मिळाले. एक दिवस माया घरी आली ती फाटक्या बाहीनं. त्यानंतर आमच्या चार वस्त्यांच्या मंडळांनी बैठक घेतली आणि ठरवलं, आता आपण स्वतः उभं राहायचं. रोज संध्याकाळी चारही वस्त्यांतली माणसं पाळीनं पुलियापाशी थांबतील. रविवारी सुरुवात. त्याला नाव काय द्यायचं? मी म्हटलं, 'सामाईक पहारा'. 'सामाईक' हा शब्द मी बाबूंच्या वहीतून उचलला होता, न विचारता.

पत्रक लिहायचं काम अर्थात माझ्याकडे. ते मी एका बैठकीत लिहिलं, मायाची ती बाही समोर ठेवून. आणि बाबूंना बजावलं की या मजकुराची एक वेलांटीसुद्धा हलवायची नाही. कारण त्याआधी रेशनच्या पत्रकात मी 'काळाबाजारवाल्यांना चिरडून टाकू' लिहिलं होतं आणि बाबूंनी त्याचं 'उघडे पाडू' करून टाकलं होतं. 'चिरडाले आपल्यापाशी रोलर हाये काय?' असं वर मलाच विचारलं होतं. त्या भांडणात आम्ही आठवडाभर बोललो नव्हतो.

"नाई हलवत," बाबू म्हणाले. "मूळ प्रत जशी हाये तशीच."

छपाईच्या आदल्या दिवशी ते आमच्या घरी आले. सायकल दाराला टेकवली. हातात घडी घातलेला कागद होता. मी पुढच्या बैठकीला निघाले होते, पायात चप्पल सरकवत होते.

"पत्रकबाई, एक इचाराचं होतं."

"बाबू, आपलं काय ठरलंय? जे लिहिलंय ते विचार करूनच लिहिलंय. बदल नको."

"काईच नको?"

"नको म्हटलं ना!"

"बरं," ते म्हणाले, आणि कागद खिशात ठेवून सायकलकडे वळले. मी त्यांच्या पुढून निघूनही गेले.

गुरुवारी पत्रकं छापून आली. गठ्ठे फुटले, पोरं सायकलींवरून चारी दिशांना गेली. बाजारात, गोठ्यांकडे, सगळीकडे वाटली. आमच्यापैकी एकानंही मथळा वाचला नाही. त्यात काय आहे ते आम्हाला माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी वाचला.

'चार वस्त्यांचा सामाईक प्रहार! रविवारी संध्याकाळी पुलियापाशी जमा!'

शुक्रवारी सकाळी आमच्याकडे दूध आलं नाही. कोणाकडेच आलं नाही. दुपारपर्यंत कळलं की गोठ्यांच्या वस्तीतल्या आखाड्यात लाठ्यांना तेल लावणं सुरू आहे. संध्याकाळी पुलियाच्या त्या तोंडाला पंधरा-वीस पैलवान पोरं बसली होती. बाजारातल्या दुकानांची शटर्स उजेड असतानाच खाली आली. शिवणाच्या बाईंनी निरोप पाठवला, मुलींना पाठवू नका, काय होईल सांगता येत नाही. मायानं कात्री आणि टेप कपाटावर ठेवून दिली. ज्या पुलियातून मुलींनी बिनघोर जावं म्हणून आम्ही हे सगळं केलं, त्या पुलियातून आता एकही मुलगी जात नव्हती.

विहाराच्या अंगणात चारही मंडळं जमली. प्रत्येकाच्या हातात पत्रक आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, "मी 'पहारा' लिहिलं होतं! आत सहा ठिकाणी 'पहारा'च आहे, वाचा! ही प्रेसची चूक आहे. मथळ्याचं प्रूफ नीट बघितलं गेलं नाही."

सगळ्या माना बाबूंकडे वळल्या. ते खांबाला टेकून बसले होते. हात सदऱ्याच्या खिशावर.

"हो," ते म्हणाले. "प्रूफ मीच पाह्यलं होतं. चूक माही."

लोक बोलायचं ते बोलले. 'म्हातारा झाला', 'लक्ष सगळं मॉस्कोकडं', 'रविवारी डोकी फुटली तर भरून कोण देणार?' मीही काही कमी बोलले नाही. बाबू ऐकून घेत होते, रेडिओ ऐकल्यासारखे. शेवटी उठले, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "रविवार परवा हाये. शुद्धिपत्र वाटतो."

शुद्धिपत्र म्हणजे मला वाटलं नवं पत्रक छापतील. होतूसेठ भीतीनं कुलूप लावून नातलगांकडे निघून गेला होता, छापणार कोण? शनिवारी सकाळी माया धावत आली. "ताई, बाबू एकलेच पुलियातून पल्याड गेले. हातात लाल शाईची दौत हाये!"

मी पळाले. माफी मागायला नव्हे. त्यांना काही झालं तर तोही आळ आमच्यावर येईल म्हणून. खरं तेच लिहिते.

गोठ्यांच्या वस्तीत दारोदारी आमची पत्रकं होती, आणि बाबू वाटेतल्या दोन-चार दारांशी बसून ती दुरुस्त करत पुढे गेले होते. आखाड्यासमोर बळीराम वस्ताद खाटेवर बसले होते. त्या वस्तीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नसे. समोर बाबू उलट्या बादलीवर, मांडीवर वही. भोवती लाठ्या घेऊन पोरं. मी गेल्यावर कोणी वाट अडवली नाही, पण कोणी वाट दिलीही नाही. मी अंग चोरून उभी राहिले.

"तुमाले हे वाचून काय वाटलं ते सांगा," बाबू म्हणत होते.

"काय वाटाचं! चार वस्त्या मिळून आमच्यावर येऊन राहिल्या. आमी काय शेन थापत बसाचं?"

बाबू लिहायला लागले. वस्ताद पुढे वाकले. "हे काय लिवून राहिले गा? पोलिसात देता काय?"

"नाई गा. हा तुमचा रकाना. मॉस्को, पेकिंग, सगळ्यायचा रकाना हाये. तुमचाच राह्यला होता."

वस्तादांनी वही ओढून घेतली. त्यांना वाचायला वेळ लागत होता. बोट फिरवत फिरवत ते एका जागी थांबले. "हे कोन?"

बाबूंनी तुर्कस्तानची सगळी कथा सांगितली. फाटक, काठी, ओसरी. पोरांतला एक हसला. वस्ताद हसले नाहीत.

"मंग हे तं आमीच झालो," ते म्हणाले. "त्या पुलियातून आमच्या पोरी जात नाईत काय? माही धाकली त्याच शिवनाच्या क्लासले जाते. तिची सायकल दोनदा अडवली. आमच्याच आखाड्यातल्या एकाले मी त्यापायी हाकलला. तुमी चार वस्त्यायनं बैठका घेतल्या, नावं ठेवली, कागद छापले. पुलियाच्या तोंडाशी आमी राहातो, आमाले कोनी इचारलं?" मग त्यांची नजर माझ्यावर आली. "लिवनारी तूच ना वं?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. प्रेसची चूक. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. टवाळ पोरं त्यांचीच असणार असं आम्ही बैठकीत धरून चाललो होतो. ते पत्रकात कुठे लिहिलं नव्हतं, पण त्यांना ते वाचता आलं होतं.

"तिचं काई नाई," बाबू मध्येच म्हणाले. "चूक माही हाये. पाहा इकडं." त्यांनी टाक दौतीत बुडवला. "या 'प्र'च्या पायातली हे तिरपी रेघ काढाची. आन् शेवटी 'र'ले काना द्याचा. झाला पहारा."

"एवढ्याशा रेघेनं?"

"हाव."

"आन् ते रेघ तुमच्या हातून सुटली?"

"सुटली."

"चष्मा बदला, बाबूजी."

"बदलतो."

वस्तादांनी हात पुढे केला. "आना इकडं तो टाक." त्यांनी पत्रक मांडीवर घेतलं, 'चार'वर आडवी रेघ मारली आणि वरती मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'पाच'.

मी म्हणाले, "अहो, ते आमच्या मंडळाचं—" आणि बाबूंनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. माझ्या पत्रकावर मला न विचारता झालेली ही सगळ्यात मोठी दुरुस्ती. तीच दुरुस्ती मग बाबूंनी आणि मी अंधार पडेपर्यंत दोन्ही बाजूंच्या सापडेल त्या पत्रकावर केली. लाल शाईनं माझी बोटं आठवडाभर रंगलेली होती.

रविवारी सकाळी दूध आलं. संध्याकाळी पुलियाच्या एका तोंडाला आमची माणसं आणि दुसऱ्या तोंडाला पैलवान उभे राहिले. पहिल्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही. पण मधून मुली गेल्या. माया आणि वस्तादांची धाकटी एका सायकलवर डबल सीट आल्या, आणि पुलियात आवाज घुमतो म्हणून मुद्दाम ओरडत आल्या. पहारा वर्षभर चालला, मग ढिला पडला. टवाळ पोरं सुधारली असं म्हणून मी फसवणार नाही. त्यांनी दुसरी जागा शोधली असेल. पण ती पुलिया आजही मुलींची आहे.

बाबूंचं मात्र नाव पडलं. बाजारात त्यांना 'प्रहारबाबू' म्हणायला लागले. लग्नपत्रिका छापायला आलेले लोक होतूसेठला हळूच सांगायचे, प्रूफ दुसऱ्या कोणाकडून बघून घ्या, वराच्या नावात भलतंसलतं व्हायचं. आयुष्यभर एक अक्षर इकडचं तिकडे न पाठवलेला माणूस. बाबू हसायचे. नवा चष्मा त्यांनी खरंच आणला, आणि कोणी चिडवलं की तो काढून पुसायचे. मीही चारचौघांत हसले आहे.

मागच्या थंडीत ते गेले. शेवटचे काही दिवस बोलणं बंद होतं, पण खाटेच्या लाकडावर मधलं बोट चालू असायचं. काकू म्हणायच्या, "आता कोनाले तार करून राहिले, कोन जाने." शोकसभेत एका पुढाऱ्यानं त्यांना थोर समाजसेवक म्हटलं. खोटं. बाबूंनी समाजसेवा कधी केली नाही. त्यांनी शुद्धलेखन केलं.

काकूंनी वही मला दिली. "तुह्यासाठीच ठेवली असन. मले त्यातलं मॉस्कोबी समजत नाई आन् तूबी नाई समजत." युरोपच्या पानांनंतर एक नवं पान होतं. मथळा तोच, 'सामाईक संरक्षण'. पहिला रकाना 'करणारे', पुढे 'बाहेरचे': गोठ्यांची वस्ती, बाजार, शिवणाच्या बाई, होतूसेठ. प्रत्येकाला काय वाटलं ते त्यांच्याच शब्दांत, शाईनं. 'करणारे'च्या रकान्यात एकच ओळ. 'पत्रकबाई: प्रेसची चूक.' तिच्याखाली लाल रेघ नव्हती. नुसती ओळ, आणि खाली बरीच कोरी जागा.

त्या पानाला टाचणीनं एक कागद लावलेला होता. घडीच्या खुणा पडलेला. माझं हस्ताक्षर मी लगेच ओळखलं. पत्रकाची मूळ प्रत. आत सहा ठिकाणी 'पहारा'. आणि वर मथळ्यात, मायाची बाही समोर ठेवून, कागद फाटेल इतक्या जोरानं मी लिहिलेलं 'प्रहार'. 'प्र'च्या पायातली तिरपी रेघ दुहेरी गिरवलेली. समासात बाबूंची बारीक शिसपेन्सिल: 'लेखिकेस विचारणे.' आणि त्याखाली, शाईनं: 'घरी जाऊन विचारले. बदल नको म्हणाली.'

विहाराच्या अंगणात मी ओरडत होते तेव्हा हाच कागद त्यांच्या खिशात होता. हात त्यावरच होता.

वहीतली ती कोरी जागा तशीच ठेवून मला पुढचं पत्रक लिहिता येईना. म्हणून हे लिहिलं. ज्यांच्याकडे ते जुनं पत्रक अजून असेल, आणि ज्यांनी कधी बाबूंना 'प्रहारबाबू' म्हटलं असेल, त्यांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी: मथळ्यातला शब्द माझा होता. प्रेसची चूक नव्हती.